श्रोत्याची पळी

"त्या मुलीला सांग, नकार मागे घे म्हणावं. आज घरी जायच्या आत."

मोरेश्वर हे बोलला तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती. आपल्या खोलीच्या खिडकीत उभा राहून तो कुंडीतल्या अनंताची पिवळी पाने एकेक करून खुडत होता. राग आला की त्याचे हात असे काहीतरी काम शोधत. पाठशाळेत असताना तो दर्भाच्या काड्या मोडत बसे.

"तूच का सांगत नाहीस?" मी विचारले.

"मी सांगितलं तर ते मालकाचं सांगणं होतं. तू सांगितलंस तर वडीलधाऱ्याचं."

"आणि ऐकणारीला त्यात फरक काय पडतो?"

"तुझ्यावर तिचा विश्वास आहे. माझ्यावर नाही, हे तिनं लेखी कळवलंच आहे."

ही गोष्ट जुनी झाली. मोरेश्वर घैसास आणि मी, दिवाकर पेंढारकर, माहुलीच्या वेदपाठशाळेत एकाच वर्षी दाखल झालो आणि एकाच गुरूंसमोर बसून वाढलो. पुढे त्याने पुण्यात येऊन संगणकाची वाट धरली. मी एका शाळेत संस्कृत शिकवीत राहिलो. स्वतःची कंपनी काढली तेव्हा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "सूत्रं पाठ केलेला माणूस मला हवाय. प्रोग्राम लिहायला मी शिकवतो," म्हणाला. त्याने शिकवले. ज्या वयात इतरांचे विद्यार्थी मोठे होतात त्या वयात मी त्याचा विद्यार्थी झालो. ते ऋण मी आजही मानतो, आणि पुढे जे सांगणार आहे ते त्या ऋणाला स्मरूनच सांगतो.

आमच्या सॉफ्टवेअरचे नाव 'संहिता'. प्रोग्राम लिहिणारे लोक आपल्या मजकुरात रोज बदल करीत असतात. काल त्यात काय होते, परवा काय होते, कोणी बदलले आणि का बदलले, हे सारे 'संहिता' सांभाळून ठेवी. जपलेल्या प्रत्येक अवस्थेला ती एक ओळखनाव देई. अंक आणि रोमन अक्षरे मिळून ते चाळीस अक्षरांचे असे, आणि मजकुरावरूनच गणिताने निघे. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी अवघे नाव पालटे. ते उच्चारणे कठीण, लक्षात ठेवणे त्याहून कठीण; पण ते कधी खोटे बोलत नसे. मला त्या नावांविषयी मनापासून आदर होता.

नाशिकच्या एका कंपनीला तो नव्हता. रुग्णाच्या शिरेत औषध मोजून सोडणारे पंप ती कंपनी बनवी, आणि त्या पंपांचे प्रोग्राम 'संहिते'च्या हवाली करण्याचा तिचा विचार चालला होता. तिची एकच तक्रार होती. "ही नावं आहेत की जन्मपत्रिका?" असे त्यांच्या एका साहेबांनी विचारले. नाशिकच्या माणसाने होसूरच्या कारखान्यातल्या माणसाला फोनवरून नाव सांगायचे म्हटले, तर अर्ध्या वाटेवर दोघांचीही जीभ वळेनाशी होई. सोमवारी त्यांना नवी आवृत्ती दाखवायची होती. तेव्हा कित्येक वर्षांनी मोरेश्वर स्वतः प्रोग्राम लिहायला बसला आणि त्याने बदल लिहिला: ओळखनाव सर्वत्र संक्षेपाने दाखवावे आणि संक्षेपानेच स्वीकारावे. चाळीस अक्षरांच्या जागी पहिली सात.

आमच्याकडे कोणताही बदल मूळ प्रतीत जाण्याआधी दुसऱ्या कोणीतरी तपासायचा असे. तपासणाऱ्याने नकार नोंदवला, तर तो ज्याने नोंदवला त्यानेच मागे घ्यायचा. दुसऱ्या कोणालाही, खुद्द मालकालाही, तो पुसता येत नसे. ही रीत 'संहिते'तच बांधलेली होती, आणि बांधणारा मोरेश्वरच होता.

त्या आठवड्यात तपासणीची पाळी रेवती जगदाळे हिच्यावर आली. फलटणची ही मुलगी आमच्याकडे नवीन होती. तिचे प्रोबेशन अजून संपायचे होते. मालकाचा बदल पुढ्यात आल्यावर दुसऱ्या कोणी वरवर नजर फिरवून होकार दिला असता. तिने लिहिले: 'दोन हरकती आहेत. सध्याच्या स्वरूपात स्वीकारता येत नाही.' खाली कारणे दिली होती.

"तिची कारणं वाचलीस का?" मी मोरेश्वराला विचारले.

"मी तिचा विद्यार्थी नाही."

"आणि तिनं मागे नाही घेतला तर?"

"महिनाअखेरीला तिचं प्रोबेशन संपतं. कायम करायचं की नाही, ते माझ्या हातात. कायम केलं नाही की खातं बंद होतं. खातं बंद झालं की त्या खात्यावरचे नकार आपोआप जातात. नाशिकवाल्यांसाठी मी ते आधीही बंद करू शकतो." तो वळला. मूठभर पिवळी पाने त्याने टेबलावर ठेवली. "मी नियम मोडत नाहीये, दिवाकर."

"नाही. नियम पाळणारं माणूस तेवढं काढतोयस."

"अरे, मी वेगळं काय केलंय? आपण जन्मभर दुसरं काय करत आलो? मंत्राचे पहिले दोन शब्द उच्चारायचे, पुढचं समोरच्यानं ओळखायचं. प्रतीक म्हणतात त्याला. मी नावाचं प्रतीक दिलं, एवढंच. संक्षेप हा काही माझा शोध नाही."

"प्रतीक आपल्या शाखेच्या मंत्राचं देतात. परशाखेचा मंत्र आला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत द्यावा लागतो. ऐकणाऱ्याला तो पाठ नसतो म्हणून."

"पंडितगिरी नको. सोमवार तोंडावर आलाय."

मी उठलो. जाता जाता ती पाने त्याच्या टेबलावरून उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तेवढी सवय मलाही होती.

रेवती चहाच्या खोलीत एकटीच उभी होती. मला पाहताच तिने हातातला कप खाली ठेवला.

"तुम्हाला पाठवलंय ना, सर?"

"हो."

"मग सांगा. मी ऐकते."

"आधी मला तुमच्या हरकती ऐकू द्या."

तिला हे अपेक्षित नसावे. मग ती बोलू लागली. "पहिली म्हणजे सात अक्षरं कमी पडतील. बदलांची संख्या वाढत गेली की पडद्यावर दोन वेगळी नावं सारखीच दिसायला लागतील. दुसरी जास्त वाईट आहे. समजा, होसूरहून कुणी सात अक्षरं कळवली, आणि नाशिकच्या साठ्यात त्या अक्षरांनी सुरू होणारी दोन नावं निघाली. घैसास सरांचा प्रोग्राम तिथे थांबतच नाही. विचारत नाही. दोन्हींतलं अलीकडचं उचलतो आणि पुढे जातो."

"आणि ज्याला हवं होतं त्याला दुसरंच मिळतं."

"पंपात दुसराच प्रोग्राम जातो, सर. आणि पडद्यावर सगळं छान हिरवं दिसतं."

"तुमची खात्री आहे?"

"दुसरीची आहे. पहिलीची बऱ्यापैकी." मग ती किंचित हसली. "खात्री असल्याशिवाय नाही म्हणायचं नाही, असा नियम आहे का आपल्याकडे?"

"असा नियम नाही," मी म्हणालो. मग मोरेश्वराने जे सांगितले होते ते सारे, खाते बंद करण्यासकट, मी तिच्यापुढे ठेवले. आडवळणाने सांगण्यात तिचा अपमान होता.

ती कपाच्या कानाशी चाळा करू लागली. "आईला मागच्याच महिन्यात फलटणहून आणलंय. तिला अजून इथलं पाणी मानवलं नाही, रोज म्हणते परत जाऊ." मग म्हणाली, "आधीच्या कंपनीत मला नुसती बटणं दाबायला बसवायचे, सर. हे दाब, ते दाब, चाललं का सांग. तुला काय वाटतं, असं पहिल्यांदा इथे विचारलं कुणी. आणि मी सांगितलं तर हे."

"मागे घेणार?"

"तुम्ही सांगितलंत तर घेईन. पण खाली लिहीन, पेंढारकर सरांनी सांगितलं म्हणून मागे घेतला."

इतक्या नम्रपणे मला आजवर कोणी धमकावले नव्हते. "मी सांगत नाही," मी म्हणालो आणि आपल्या जागेवर येऊन बसलो.

मोरेश्वराचा बदल उघडला. अर्धा वाचला आणि थांबलो. पुढचे वाचण्याआधी करायला हवे असे एक काम होते. रेवतीच्या नकाराखाली मी लिहिले: 'यास माझाही नकार. श्रीमती जगदाळे यांचे खाते काही कारणाने बंद झाल्यास हा नकार त्यांचाच समजावा.' खाली माझे नाव आले. आमचे सॉफ्टवेअर अशा वेळी सर्वांना सूचना धाडी. एकेका टेबलावर पडदे उजळत गेले आणि माना वर होत गेल्या.

मोरेश्वर मला नेहमी आपल्या खोलीत बोलावी. त्या दिवशी तो स्वतः चालत आला.

"हे काय आहे?"

"नकार."

"वाचता येतं मला. बदलाबद्दल एक अक्षर नाही त्यात. तू बदल वाचलास तरी का?"

"अर्धा."

"अर्धा वाचून नकार देतोस? हे शिकवलं गुरुजींनी?"

"बदलाला दिलेला नाही. खातं बंद करण्याला दिलाय."

"मग तुझंही खातं बंद करावं लागेल."

"कर. कॉम्प्युटर तुझा, टेबल तुझं, खुर्चीही तुझीच. चष्मा तेवढा माझा आहे, तो घेऊन जातो."

कोणीतरी हसले आणि त्या हसण्याचा घाईघाईने खोकला केला. मोरेश्वराचे कान लाल झाले. इतक्या लोकांसमोर आम्ही एकमेकांना कधी 'अरे-तुरे' करीत नसू. त्या दिवशी दोघांचेही भान सुटले होते.

"ठीक आहे," तो सर्वांना ऐकू जाईल असा म्हणाला. "उद्या सकाळी मी माझा बदल सगळ्यांसमोर ओळीनं वाचतो. दाखवा चूक. नाही दाखवता आली, तर दोघांनीही नकार मागे घ्यायचा, आणि पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही."

"वाच," मी म्हणालो. "पण माहुलीच्या रीतीनं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "इथे?"

"इथेच."

"पळी कुठून आणशील?"

"ते माझ्याकडे लागलं."

माहुलीची रीत अशी होती. पाठशाळेत कोणी मुखोद्गत संहिता म्हणायला बसला, की त्याच्यासमोर एक श्रोता बसे. श्रोत्यापुढे पाण्याने भरलेले पंचपात्र आणि हातात तांब्याची पळी. म्हणणारा चुकला असे वाटले, की श्रोत्याने पळी पंचपात्राच्या काठावर एकदा वाजवायची. बोलायचे नाही, काय चुकले ते सुचवायचे नाही, वाद घालायचा नाही. म्हणणाऱ्याने तत्क्षणी थांबायचे, 'मागे येतो' एवढेच म्हणायचे, आणि त्या खंडाच्या आरंभापासून पुन्हा म्हणू लागायचे. म्हणणारा गुरू असो आणि श्रोता आठ वर्षांचा बटू असो, रीत तीच. मोरेश्वराने 'संहिते'त नकाराचा तो नियम कोठून आणला, हे कचेरीत माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत सगळे जमले. मी चहाच्या खोलीतून स्टीलचे एक फुलपात्र आणि एक चमचा आणला, फुलपात्रात निम्म्यापर्यंत पाणी घातले आणि ते रेवतीपुढे ठेवून तिला रीत समजावली.

"काय चुकलं ते सांगायचंच नाही?" तिने हळूच विचारले.

"नाही. फक्त कुठे, ते."

"आणि सरांना ते सापडलंच नाही तर?"

"तर ते पुन्हा मागे येतील. सापडेपर्यंत. नाहीतर तुमची चूक तुम्हाला सापडेपर्यंत."

मोरेश्वराने भिंतीवरच्या पडद्यावर आपला बदल उघडला आणि वाचायला सुरुवात केली. प्रथम त्याचा स्वर सभेत बोलणाऱ्याचा होता. चार-दोन ओळींनंतर त्याचा श्वास ठरावीक जागी थांबू लागला, पाठ ताठ झाली, आणि संगणकाच्या त्या कोरड्या ओळी तो अशा काही संथपणे म्हणू लागला, की मी नकळत मांडी सावरून बसलो.

नावाची लांबी सात ठरवणारी ओळ आली. रेवतीने चमचा वाजवला.

खोलीत कोणाला कुठे पाहावे ते कळेना. मोरेश्वर थांबला. "बरं," एवढेच म्हणाला, आणि तो भाग त्याने पुन्हा वाचला. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले. पडदा त्याने खाली सरकवला.

"जगदाळे, ही खालची ओळ मोठ्यानं वाच."

रेवतीने वाचायला घेतले आणि मध्येच ती थांबली. साठ्यातल्या नावांची संख्या वाढली की सातची आठ, आठची नऊ अक्षरे व्हावीत, अशी सोय मोरेश्वराने तिथे करून ठेवली होती. एका साठ्यापुरती तरी पडद्यावर दोन नावे कधीच सारखी दिसणार नव्हती.

तिचा चेहरा लाल झाला. पण तिने मान खाली घातली नाही. "हे मी पाहिलंच नव्हतं, सर. पहिली हरकत माझी चुकली. मागे घेते."

खोलीने एकदम श्वास सोडला. खुर्च्या मागे सरकल्या. "चला, चहा," कोणीतरी म्हणाले. मोरेश्वराने लॅपटॉप मिटायला हात घातला.

"दुसरी राहिलीय, सर," रेवती म्हणाली.

"एक चुकली ना?"

"एक चुकली. दुसरी राहिलीय."

मोरेश्वर पुढे वाचू लागला. आता ती लय उरली नव्हती. तो भराभर, अक्षरे गिळत वाचत होता. बाहेरून आलेले लहान नाव साठ्यात शोधायचे, हा भाग आला. चमचा वाजला. तो न थांबता पुढे गेला. चमचा पुन्हा वाजला, या वेळी इतक्या जोराने, की फुलपात्रातले पाणी टेबलावर सांडले.

"पुरे." मोरेश्वराने हात टेबलावर टेकले. "एकदा चुकीचा वाजवलास. आता ओळीओळीला वाजवत बसशील. ज्याची खात्री नाही त्यानं चमचा हातात धरूच नये. दे तो इकडे."

त्याच्या शेजारी बसलेल्या एकाने रेवतीच्या हातातला चमचा घ्यायला हात पुढे केला. ती चमचा सोडीना. तिचे डोळे भरले होते, पण मूठ वळलेली होती. मी उभा राहिलो.

"मोरेश्वर, माहुलीला आश्विनातल्या सभेत श्रोता म्हणून कोण बसलं होतं?"

त्याचा हात टेबलावरच राहिला.

"दिवाकर, ते इथे नको."

"रीत इथे आणलीस, मग हेही इथेच. कोण बसलं होतं?"

तेव्हा मीच सांगितले, त्याच्याकडे पाहत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

ती सभा मला आजही डोळ्यांसमोर दिसते. सातारा, कऱ्हाड, नरसोबाची वाडी, ठिकठिकाणचे वैदिक आले होते. गुरुजी म्हणत होते. श्रोत्याची पळी दहा वर्षांच्या मोरेश्वराच्या हातात होती. म्हणता म्हणता एके ठिकाणी पळी वाजली. सभा चमकली. गुरुजी थांबले. "मागे येतो," म्हणाले आणि खंड पुन्हा आरंभापासून म्हटला. त्याच ठिकाणी पळी पुन्हा वाजली. गुरुजी पुन्हा मागे आले. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा सभेत कुजबुज उठली. कोणी चुकत असेल तर ते गुरुजी नव्हते, हे तिथे प्रत्येक वैदिकाला कळत होते. एक वृद्ध गृहस्थ उठले आणि त्यांनी पोराच्या हातातली पळी काढून घ्यायला हात पुढे केला. गुरुजींनी आपला हात मध्ये धरला. "पळी त्याच्याकडे दिलेली आहे," म्हणाले. आणि पुन्हा म्हणू लागले, त्याच शांतपणे, त्याच स्वरात, जणू पहिल्यांदाच म्हणत आहेत.

"कोण बरोबर होतं, मोरेश्वर?" मी विचारले. "गुरुजी की तू?"

"गुरुजी," तो म्हणाला.

"आणि तुला ते कधी कळलं?"

"चौथ्यांदा म्हणताना. तेव्हा ऐकू आलं मला." "मी पळी पाण्यात ठेवली."

"तुझ्या हातातून ती कुणी घेतली का?"

"नाही."

"नंतर कुणी काही बोललं?"

"गुरुजींनी कुणाला बोलू दिलं नाही."

"ही चुकली असेल, असं समज," मी म्हणालो. "मी अर्धाच वाचलाय, मला ठाऊक नाही. पण चमचा तिच्याकडे दिलेला आहे."

मी बसलो. चमच्यासाठी पुढे आलेला हात केव्हाच मागे गेला होता. मोरेश्वर बराच वेळ रेवतीकडे नव्हे, तिच्यापुढच्या फुलपात्राकडे पाहत होता. मग त्याने लॅपटॉप पुरता उघडला, पडदा वर नेला, आणि ज्या स्वरात तो शब्द मी माहुलीनंतर कधी ऐकला नव्हता त्या स्वरात म्हणाला:

"मागे येतो."

त्याने तो भाग आरंभापासून घेतला. एकेक ओळ, एकेक पद. त्या जागी आला. रेवतीने चमचा वाजवला, या वेळी अगदी हलकेच. तो थांबला, ती ओळ मनाशी पुन्हा वाचली, मग तिच्या वरची, मग पुन्हा ती. त्याचे ओठ हलत होते.

"दोन निघाली तर…" तो पुटपुटला. नंतर म्हणाला, "दोन निघाली तर हा विचारत नाही."

"नाही, सर," रेवती म्हणाली.

"अलीकडचं उचलतो."

"हो, सर."

त्याने कोणाकडे न पाहता त्या ओळी खोडल्या आणि तिथेच, सर्वांसमोर, नव्या लिहिल्या: दोन निघाल्यास थांबावे, दोन्ही पूर्ण नावांनिशी दाखवावीत, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारे नाव नेहमी पूर्णच पाठवावे. लिहून झाल्यावर त्याने विचारले, "आता?"

रेवतीने चमचा पाण्यात ठेवला. मग आपल्या जागेवर जाऊन तिने नकार मागे घेतला. तिच्या पाठोपाठ मी माझा घेतला. बदल मूळ प्रतीत गेला.

सोमवारी नाशिकवाल्यांनी काम दिले. फोनवर सांगायला त्यांना सात अक्षरे पुरली; होसूरला पूर्ण नाव धाडावे लागते म्हणून त्यांनी पुढे पुष्कळ दिवस कुरकुर केली, आणि मोरेश्वराने ती निमूटपणे ऐकून घेतली. महिनाअखेरीला रेवती कायम झाली. तिच्या आईला पाणी मानवले की नाही ते मी विचारले नाही, पण ती फलटणला परत गेली नाही.

माझ्याशी मात्र मोरेश्वराने अबोला धरला. समोरासमोर आलो की तो हातातली फाइल उघडी. मीही पुढाकार घेतला नाही. मी काही चुकीचे केले होते असे मला वाटत नव्हते, आणि जे चुकीचे नव्हते त्याची माफी कशी मागायची, ते मला कोणी शिकवलेले नव्हते.

पावसाळा सरता सरता त्याचा पुढला बदल आला. आमच्याकडे तपासणारे पाळीने ठरत. या बदलावर त्याने ते स्वतः नेमले होते. पहिले नाव रेवती जगदाळे. दुसरे माझे. खाली टिपण होते, 'मागील बदलाचा संदर्भ पाहावा', आणि त्यापुढे त्या बदलाचे ओळखनाव दिले होते. चाळीसच्या चाळीस अक्षरे. एव्हाना कचेरीत आम्ही सारेच आपसात सात लिहीत होतो. मोरेश्वराने मला पूर्ण नाव लिहिले होते, परशाखेच्या माणसाला मंत्र अख्खा द्यावा तसे.

मी त्याचा बदल अथपासून इतिपर्यंत वाचला. रेवतीने एक बारीक शंका काढली, त्याने ती निवारली. माझ्याकडे होकाराखेरीज लिहिण्यासारखे काही उरले नाही. होकार लिहिला, आणि त्याखाली उत्तर: 'संदर्भ पाहिला.' त्यापुढे मी त्या नावाची पहिली सात अक्षरे तेवढी लिहिली.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग त्याच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारातून आवाज आला. चहाच्या कपाच्या काठावर चमचा एकदा वाजला होता. फक्त एकदा.

रेवतीने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"मागे येतो," मी म्हणालो, आणि उठून त्याच्या खोलीकडे गेलो.